अधिकार कशासाठी असतो?

आमच्या कंपनीत कुणाला कशाचा ॲक्सेस आहे, याची एक यादी असते. डेटाबेस कोण नुसता वाचू शकतं, कोण बदलू शकतं, कोण पुसू शकतं. माझ्या नावापुढे जे अधिकार आहेत ते माझे नाहीत, कामापुरते दिलेले आहेत. काम संपलं की काढून घेतात, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

यवतमाळातल्या ख्रिस्ती घरात वाढल्यामुळे ‘अधिकार’ हा शब्द मी नोकरीच्या फार आधी ऐकला. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी पुन्हा उठलेला येशू गालीलातल्या डोंगरावर शिष्यांना सांगतो, की स्वर्गातला आणि पृथ्वीवरचा सगळा अधिकार मला मिळालाय. आणि लगेच त्यांना कामाला पाठवतो. पौल इफिसकरांना लिहितो, की देवाने ख्रिस्ताला मेलेल्यांतून उठवून सगळ्या सत्तांच्या वर बसवलं आणि विश्वासणाऱ्यांनाही त्याच्यासोबत बसवलं. म्हणजे माणूस शिकलेला असो की अंगठा लावणारा, त्याने करणीला, भुताला, ग्रहाला घाबरायचं कारण उरत नाही. अमावास्येला रस्त्यावरचं लिंबू ओलांडायला जिथे माणसं भितात, तिथे ही केवढी सुटका आहे!

अडचण पुढे सुरू होते. भीती घालवणारा हा अधिकार कधीकधी दुसऱ्याला भीती घालायला वापरला जातो.

माझ्या बाबांना शुगर आहे. काही वर्षांपूर्वी त्यांच्या पायाला जखम झाली आणि ती भरेना. त्याच सुमारास बाहेरगावचे एक प्रचारक प्रार्थनासभेला आले. त्यांनी बाबांच्या डोक्यावर हात ठेवून आजाराला हुकूम सोडला, आणि जाताना म्हणाले, “आता गोळ्या घेतल्या तर तो अविश्वास ठरेल.” बाबा दोन दिवस गप्प होते. त्यांना मरणाची भीती नव्हती, आपला विश्वास कमी पडतोय याची होती.

आईने तिसऱ्या दिवशी गोळ्यांचा डबा त्यांच्यासमोर ठेवला. “गोळ्या बंद कर असं येशूनं कुठी सांगतलं? दाखवा बरं मले.” बाबांकडे उत्तर नव्हतं. मग ती रोज संध्याकाळी जखम धुवायची, पट्टी बांधायची आणि पायावर हात ठेवून प्रार्थना करायची. शेवटी एक बोट कापावं लागलं. पाय वाचला.

त्या काळात मी नवा करार वेगळ्या नजरेने वाचला. पौलाच्या शरीरात एक काटा होता. तो जावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही. त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून तो पुढे निघाला, असं तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात आहे. खुद्द तीमथ्याला तो पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. यातल्या कुणाला अविश्वासी म्हणायची सोय नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत स्किवा नावाच्या याजकाच्या सात मुलांची गोष्ट आहे. ओळखदेख नसताना ते येशूचं नाव वापरून भूत काढायला जातात. भूत विचारतं, येशूला मी ओळखतो, पौलही माहीत आहे, तुम्ही कोण? आणि ते मार खाऊन उघडेनागडे पळतात. दुसऱ्याचा पासवर्ड टाकून लॉगिन करणारी ही मंडळी. नाव बरोबर होतं, नातं नव्हतं.

नातं म्हणजे काय, हे योहानाच्या तेराव्या अध्यायात दिसतं. पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय हे ओळखून येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. सगळा अधिकार हाती आल्यावर त्याने निवडलेलं काम हे. पुढे कबरीतून उठल्यावर तो थोमाला हातांवरचे वण दाखवतो. मरणावर विजय मिळाला, तरी जखमांच्या खुणा पुसल्या गेल्या नाहीत. मग बाबांनी आपला पाय लपवायचं काय कारण?

आणि उठलेल्या येशूने पहिला निरोप दिला तो मरीया मग्दालियेला. बातमी शिष्यांना सांगायला एक बाई गेली. तरी बाईने शिकवावं का, यावर पुढे शतकानुशतकं वाद चालले. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुषांना शिकवण्याला बिशपांनी हरकत घेतली. एका पुरोहितवर्गाचं जू नुकतंच उतरवलंय, आता दुसरं घेणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. ख्रिस्त त्यांना हवा होता, मधले मुकादम नको होते. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातल्या मुलींना आसरा दिला आणि हिब्रू-ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या. ते बायबल नंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. “कुठं लिहिलंय ते दाखवा,” असं साध्या बाईलाही विचारता यावं, यासाठीचं ते काम होतं.

आमच्या जिल्ह्यालाही हे नवं नाही. यवतमाळात १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली, पुढे मीही गेलो. पांढरकवडा रस्त्यावर उमरीला मिशनचं हॉस्पिटल आहे. प्रार्थना करणाऱ्यांनीच तिथे दवाखाना काढला. प्रार्थना आणि औषध यांच्यात भांडण आहे, असं त्यांना वाटलं नाही.

मी सेमिनरीत शिकलेलो नाही, माझ्याकडे बी.ई.ची डिग्री आहे. रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबा म्हणतात, “तू कर ना प्रार्थना.” मी येशूच्या नावाने करतो, बरं वाटावं असं मागतो, न घाबरता मागतो. आमेन झाल्यावर विचारतो, “सकाळची शुगर किती होती?” आई मागून आकडा सांगते.