बारा गुंठे

मालवण तालुक्यातील एका किनारी वाडीत आमचे वडिलोपार्जित घर आहे. वाडीचे नाव मुद्दामच देत नाही. या पट्ट्यात अशी घरे पुष्कळ आहेत आणि आमची हकीगत त्यांपैकी कोणाचीही असू शकेल. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौले, पुढे पडवी, पडवीपुढे शेणाने सारवलेले खळे आणि खळ्याच्या कडेला चुन्याने रंगवलेला क्रूस. मागे चौदा माड, दोन फणस, एक रतांब्याचे झाड आणि एक विहीर. तिचे पाणी एप्रिल सरता सरता मचूळ होते. सारे मिळून क्षेत्र बारा गुंठे. आम्ही चार भावंडे याच घरात जन्मलो आणि चौघेही पोटामागे येथून बाहेर पडलो. थोरला व धाकटा मुंबईस, मधला आखातात, बहीण वेंगुर्ल्यास. मे महिना आणि नाताळ एवढ्यापुरते आम्ही गावकरी. उरलेले वर्ष घर सांभाळते ती आमची अविवाहित आत्या. तिने आता ऐंशी पार केली आहे.

आमच्या लहानपणी या जागेला किंमत अशी नव्हतीच. किंमत होती भाताच्या मळ्याला. ज्याच्या वाट्याला पुळणीची जमीन येई, त्याची लोक कीव करीत. रापण ओढायला गेलेल्याला वाट्याचे मासे मिळत, माडांवर वर्षाचे तेलमीठ निघे आणि बाकीचा संसार मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चाले. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. तारकर्ली-देवबागेत एकामागून एक निवासस्थाने उभी राहिली. जेथे आम्ही तिसऱ्या वेचीत होतो, तेथे पाहुणे पाण्याखालचे प्रवाळ पाहण्यासाठी बुड्या मारू लागले. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीच्या विमानतळाचेही उद्घाटन झाले. आता वाडीत येणारा दलाल माड किती, विहिरीला पाणी किती, हे विचारीत नाही. पडवीपासून समुद्र किती पावलांवर आहे, एवढेच तो मोजतो.

त्याच वर्षी, १६ मे २०२१ रोजी, तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्यावरून गेले. आमची निम्मी कौले उडाली आणि एक माड न्हाणीघरावर पडला. आत्याने ती रात्र शेजारच्या घरी काढली. ते शेजारी हिंदू. गणपतीत त्यांच्याकडचे मोदक आमच्याकडे आणि नाताळात आमच्या नेवऱ्या त्यांच्याकडे, हा परिपाठ आजोबांच्या काळापासूनचा. आत्याच्या उशाला कोण बसले होते, हे आम्हांस पुढे चार दिवसांनी, फोन लागू लागल्यावर कळले.

पुढल्या वर्षीच्या नाताळात दलाल गिऱ्हाईक घेऊन आला. आकडा येथे लिहीत नाही. आमच्यापैकी एकालाही सबंध नोकरीत तेवढी शिल्लक पाडता आलेली नव्हती, एवढेच सांगतो. धाकट्याच्या डोक्यावर घराच्या कर्जाचे हप्ते होते, त्याच्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च तोंडावर आला होता. थोरल्याने नाबोथाच्या द्राक्षमळ्याची आठवण काढली. राजाने मागूनही पूर्वजांचे वतन न विकणाऱ्या त्या माणसाची कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्यावर धाकटा शांतपणे म्हणाला, “नाबोथ मळ्यात राबत होता, दादा. आपण वर्षातून पंधरा दिवस येतो आणि सोलकढी पिऊन परत जातो.” यावर उत्तर देण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते.

आत्याची ‘सोय’ आम्ही मनाशी करून ठेवली होती. धर्मभगिनी चालवीत असलेल्या एका वृद्धाश्रमात चौकशीही केली होती. ती चुलीपाशी बसून सारे ऐकत होती. अखेरीस उठून पडवीत आली आणि म्हणाली, “इकूचा तर इका. माजा काय्येक म्हणणा नाय. पण येवढा सांगा, मी मेलंय की माका खयल्या घरातसून भायर काढतलात?”

आमच्यापैकी कोणीही मान वर केली नाही.

व्यवहार मात्र तेवढ्याने थांबला नाही. कागदपत्रे पाहण्यासाठी आम्ही एका वकिलांकडे गेलो. सातबाऱ्यावर एकट्या वडिलांचे नाव होते आणि त्यापुढे ‘ए. कु. मॅ.’ ही अक्षरे होती. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असा त्यांचा अर्थ. आजोबा १९७४ साली मृत्युपत्र न करता वारले, तेव्हा ही नोंद झालेली. वकिलांनी चष्मा काढून विचारले, “तुम्ही ख्रिस्ती ना? मग हे हिंदू एकत्र कुटुंब तुमच्याकडे कोठून आले?”

त्यांनी कागदावर आकडे मांडून दाखविले. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला, तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मागे पत्नी व मुले असतील तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींना सारखे. मुलगा म्हणून अधिक नाही, लग्न झालेली म्हणून उणे नाही. आजोबांमागे आजी आणि तीन मुले होती: आमचे वडील, ही आत्या आणि बेळगावला दिलेली दुसरी आत्या. पुढे आजीही गेली आणि तिचा वाटा त्याच तिघांत विभागला गेला. म्हणजे बारा गुंठ्यांपैकी चार गुंठे आत्याचे, चार बेळगावच्या आत्येभावंडांचे आणि चार आमच्या वडिलांचे. आई-वडील दोघेही आता नाहीत. तेव्हा आम्हां चौघांना प्रत्येकी एक गुंठा.

जिची आम्ही सोय लावीत होतो, तिची जागा आमच्यातल्या प्रत्येकाच्या चौपट होती.

वडील लबाड नव्हते, हे आम्ही शपथेवर सांगू. मुलीला लग्नात दागिना दिला की तिचा हिशेब पुरा झाला आणि लग्न न झालेली तर घरचीच, अशी सर्वांची समजूत होती. १९८६ साली मेरी रॉय यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या ख्रिस्ती मुलींचा समान वाटा मान्य केला, तेव्हा आमच्या घरी त्याची चर्चा झाली होती. आपल्याकडे तो हक्क आधीपासूनच आहे आणि तो बजावण्यापासून आपण एका बाईला दूर ठेवले आहे, हे तेव्हा कोणाच्याही मनात आले नाही. नाबोथाचा दाखला आम्ही उगाच दिला. आमच्या घराला लागू पडणारी कथा गणना या पुस्तकात आहे. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाचे वतन मागतात आणि परमेश्वर त्यांचे म्हणणे रास्त ठरवितो. आमची आत्या कोणापुढे उभी राहिली नाही, एवढाच फरक.

गिऱ्हाईक मग आपोआप मागे सरले. वारसांचा घोळ हे एक कारण. दुसरे कारण समुद्र. १९९१ च्या नियमांपासून ग्रामीण किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास सहसा मनाई आहे. २०१९ च्या नियमांनी ही मर्यादा दाट वस्तीच्या गावांपुरती ५० मीटरवर आणली; आमची विरळ वाडी पहिल्या मापातच राहिली. असलेले घर आहे तेवढेच दुरुस्त करता येते. ‘दुरुस्ती दाखवून’ दोन मजले चढवायचे, हा गिऱ्हाइकाचा बेत आम्हांस फार उशिरा कळला.

आम्ही वारसनोंदीचा अर्ज केला. मृत्यूचे दाखले, प्रतिज्ञापत्र, नोटिसा, मंडल अधिकाऱ्यांची सही, यांत बरेच महिने गेले. बेळगावच्या आत्येभावंडांना प्रथम संशय आला, मग ती सहकुटुंब येऊन राहून गेली. छपराच्या खर्चात त्यांनी आपणहून वाटा उचलला. धाकटा मात्र रुसला. त्याची गरज खोटी नव्हती. थोरल्याने व मधल्याने मिळून त्याच्या मुलाची पहिल्या वर्षाची फी भरली, तरी उपवासकाळ येईपर्यंत त्याने फोन केला नाही. नात्यात पडलेली ती चीर अजून पुरती बुजलेली नाही, हे लपवून उपयोग नाही.

या जागेचे पुढे काय होणार, हे सांगणे कठीण आहे. आमच्या मुलांना मालवणी कळते, बोलता येत नाही. माकडे नारळाचे कोवळे फळ टिकू देत नाहीत, माडावर चढणारा माणूस मिनतवाऱ्या केल्यावर येतो आणि वाडीतली चार घरे कुलूपबंद आहेत. भाव चढत आहेत, पण भाव चढल्याने कोणी दिवा लावायला येत नाही.

नवा सातबारा घेऊन आम्ही गेलो, तो मे महिन्याचा रोजरीचा समय होता. आत्याने चष्मा लावला. नऊ नावे होती. ती बोट फिरवीत आपल्या नावापर्यंत आली आणि तेथे थांबली. मग विचारले, “ह्या नाव कोणी घातल्यानी?” आम्ही म्हणालो, “कायद्याने होतेच. आम्ही फक्त लिहून आणले.” तिने कागदाची घडी घालून तो प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला आणि जपमाळ हातात घेतली.

वाचकहो, आपल्या घरचा सातबारा एकदा काढून पाहा. त्यावर कोण आहे हे तर दिसेलच. कोण नाही, तेही पाहा.