नुक्त्यात हरवलेली फातिमा

"सर, फातिमा शेख यांच्यावर शाळेच्या वेबसाइटवर काहीच नाही का?" नववीतल्या मुलीने विचारलं. मला रागच आला. लेख मीच लिहिला होता! सावित्रीबाईंनी १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रातल्या फातिमाच्या उल्लेखापासून सुरुवात केली होती.

शोधून पाहिलं. निकाल शून्य. उर्दूच्या सवयीने (खरं तर ऐटीने) मी सगळीकडे, टॅगमध्येसुद्धा, 'फ़ातिमा' लिहिलं होतं. मुली शोधणार 'फातिमा'. नुक्ता देऊन शोधलं, तरी नाहीच. युनिकोडमध्ये 'फ़' दोन प्रकारे लिहिता येतो, एकसंध किंवा 'फ' अधिक नुक्ता. डोळ्यांना दोन्ही सारखे, आमच्या साइटच्या शोधाला वेगळे. शीर्षक तर नस्तालीकमधलं सुंदर चित्र. त्यातून गूगलला काय कळणार?

शीर्षक साध्या अक्षरांत टाइप केलं, मजकुरात 'फातिमा' केलं, टॅगमध्ये 'फातीमा'ही घातलं. नुक्ता एकाच जागी ठेवला, तेवढा मोह सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या तासाला तिला म्हटलं, "आता शोध." तिने 'फातीमा' टाइप केलं. ती दुसरी वेलांटी मी तिच्या वहीत कितीदा तरी लाल शाईने खोडली आहे. या वेळी गप्प बसलो. लेख उघडला होता.