वीस मिनिटांची कात्री

चित्रपट आवडला नाही तर माणूस फार तर काय करतो? मध्यंतरात उठून जातो, नाहीतर बाहेर येऊन दिग्दर्शकाच्या नावानं खडे फोडतो. माइक जे. निकोल्स हा व्यवसायानं संकलक. त्यानं ‘स्टार वॉर्स’चा ‘द फँटम मेनेस’ पाहिला, निराश झाला, आणि सिनेमाची कॅसेट बाजारात आल्यावर ती घरी आणून कापायला घेतली. मे १९९९ मध्ये तो चित्रपट लागला तेव्हा लोकांनी पुढच्या ‘स्टार वॉर्स’साठी सोळा वर्षं वाट पाहिलेली होती. एवढी वाट पाहायला लावून पडद्यावर पहिल्यांदा काय आलं, तर व्यापारी मार्गांवरच्या कराचा तंटा.

निकोल्सची आवृत्ती ‘द फँटम एडिट’ या नावानं २००१ च्या सुमारास हातोहात फिरली. मूळ चित्रपट २ तास १३ मिनिटांचा. यानं त्यातली वीस मिनिटांच्या आसपास काढली. सुरुवातीला आकाशात वर सरकत जाणारा मजकूरही बदलला. लढाईची पार्श्वभूमी सांगायच्या जागी त्यानं आपण हे का करतो आहोत ते तिथं लिहिलं. मग जार जार बिंक्स या विदूषकी पात्राचे पाचकळ विनोद गेले, छोट्या नायकाचे, अनाकिनचे, आरडाओरड्याचे उद्गार गेले, संसदेतली आणि व्यापारी संघाची लांबलचक बोलणी आखडली. कापणाऱ्यानं नाव लपवलं होतं, त्यामुळे हे केविन स्मिथ या दिग्दर्शकाचं काम असावं अशीही आवई उठली. मूळ चित्रपट काढणाऱ्या लुकासफिल्म कंपनीनं आधी कानाडोळा केला. प्रती विकल्या जायला लागल्यावर मात्र डोळे वटारले.

माझं पोट कापण्यावर चालतं. म्हणजे दिवाळी अंकांच्या लेखांची काटछाट करण्यावर. त्यामुळे ‘फँटम एडिट’ पाहताना मी गोष्टीपेक्षा कात्री कुठं चालली तेच बघत होतो. आणि पहिल्या अर्ध्या तासातच वाटलं, गडी कसलेला आहे. हौशी माणूस न आवडलेली वाक्यं काढतो. यानं आवडण्याजोगी वाक्यंही काढली होती, कारण ती पुढच्या प्रसंगाची हवा आधीच सोडत होती.

सगळ्यात मोठं काम केलं ते मिडिक्लोरियनचं. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी: ‘स्टार वॉर्स’मध्ये ‘फोर्स’ नावाची एक शक्ती आहे. १९७७ च्या पहिल्या चित्रपटात म्हातारा ओबी-वॉन दोन-तीन वाक्यांत तिच्याबद्दल सांगतो आणि गप्प बसतो. सगळ्या जिवांमधून ती निर्माण होते, सगळ्यांना बांधून ठेवते, एवढंच. तेवढ्यावर दोन पिढ्यांनी उरलेलं आपल्या मनानं भरून घेतलं. ‘फँटम मेनेस’मध्ये क्वाय-गॉन हा जेडाय (फोर्स वापरणाऱ्या योद्ध्यांच्या पंथाचा) गुरू रात्री अनाकिनच्या रक्ताचा थेंब घेतो, तपासायला पाठवतो, आणि निकाल येतो: मिडिक्लोरियन नावाच्या, फोर्सशी जोडणाऱ्या सूक्ष्म जीवांची संख्या वीस हजारांच्या वर, थोर गुरू योडापेक्षाही जास्त. झालं! ज्याचा गूढ म्हणून धाक होता ते लॅबच्या रिपोर्टात येऊन बसलं. निकोल्सनं हा भाग जवळजवळ सगळा उडवला. त्यानं गोष्टीचं काय बिघडलं? काहीही नाही. क्वाय-गॉनला पोरगा वेगळा आहे हे दिसतं, आपल्यालाही दिसतं, गाडी पुढे जाते.

‘फँटम मेनेस’सारख्या, मागची कथा सांगणाऱ्या चित्रपटांना हा आजार जडतोच. शेवट प्रेक्षकाला पाठ असतो. हा गोंडस पोरगा अनाकिन पुढे काळा मुखवटा चढवून डार्थ व्हेडर होणार, हे सहा वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतं. मग लेखक हातात उरलेलं एकच काम करतो, स्पष्टीकरण देण्याचं. अमुक यंत्रमानव कुणी बनवला, तमुक दोघं पहिल्यांदा कुठं भेटले. प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो आणि उत्तरं मात्र येत राहतात. अशा चित्रपटाचा संकलक पहिल्यांदा लय सुधारायला बसतो, पण खरं काम प्रेक्षकाचं अज्ञान त्याला परत करण्याचं असतं.

मीही माझ्याकडच्या डीव्हीडीवरून थोडी कापाकापी करून पाहिली आहे. शेवटची लढाई घेतली. तिथं एकाच वेळी चार आघाड्या चालू आहेत: मैदानात गंगन जमातीचं सैन्य, राजवाड्यात राणी पद्मे, खाली खलनायक डार्थ मॉलशी दोन जेडायांचं द्वंद्व, आणि वर अवकाशात अनाकिन. चित्रपटाच्या निर्मितीवर जो माहितीपट निघाला त्यात कच्च्या संकलनाचा खेळ संपल्यावरची बैठक दिसते. संकलक बेन बर्ट तिथं हेच सांगतो आहे, की दीड मिनिटात एका नायकाच्या मरणाचा शोक, मग सुटका, मग विदूषकी, मग विजय, असं सगळं होतंय. खुद्द दिग्दर्शक जॉर्ज लुकासच्या चेहऱ्यावरही चिंता आहे. पण धागे एकमेकांत इतके विणलेले, की एक ओढला तर दुसरा सुटतो.

अनाकिनच्या धाग्याशी मी जास्त वेळ काढला. मूळ चित्रपटात पोरगा विमानात लपून बसतो, विमान आपोआप उडतं, शत्रूच्या जहाजाच्या पोटात जाऊन आदळतं, त्याच्या हातून चुकून टॉर्पेडो सुटतात आणि जहाज फुटतं. सगळं नशिबानं. मी फक्त त्याचे उद्गार काढले. डीव्हीडीच्या सहा ध्वनिमार्गांपैकी मधल्या मार्गावर बहुतेक संवाद असतात. तो तेवढ्यापुरता दाबला की डावी-उजवीकडचं संगीत बरंचसं शाबूत राहतं. आणि गंमत पाहा, ओरडणं गेल्यावर तोच चेहरा एकाग्र दिसायला लागला. काचेवर प्रकाश सरकतोय, ओठ मिटलेले, नजर समोर. आता वाटतं की याला कळतंय आपण काय करतोय. रशियात लेव कुलेशोवनं शंभर वर्षांपूर्वी हेच दाखवलं होतं. नटाचा एकच निर्विकार चेहरा सुपाच्या बशीशेजारी ठेवला तर भुकेला, शवपेटीशेजारी ठेवला तर दुःखी. जेक लॉइड या मुलाला वाईट नट म्हणून जगभर झोडपलं. त्यातलं किती त्याचं होतं आणि किती संकलनाच्या टेबलावरचं, हा प्रश्न मला तिथं पहिल्यांदा नीट पडला.

(द्वंद्वाच्या भागाला मात्र मी हात लावला नाही. संगीतकार जॉन विल्यम्सनं तिथं जो समूहस्वर वापरलाय त्याचे शब्द संस्कृत आहेत. एका वेल्श कवितेच्या इंग्रजी अनुवादातली ओळ संस्कृतात नेलेली. दहावीला संस्कृतात पैकीच्या पैकी मिळवलेल्या माझ्या मित्रांनाही ते कधी ओळखू आलं नव्हतं.)

निकोल्सच्या या कापाकापीत एक विसंगती आहे, आणि ती त्याच्याच बाजूनं बोलते. १९७७ चा पहिला ‘स्टार वॉर्स’ संकलनाच्या टेबलावरच उभा राहिला. पहिलं कच्चं संकलन टाकून दिलं गेलं. मग मार्शा लुकास, रिचर्ड च्यू आणि पॉल हर्श यांनी तो नव्यानं बांधला आणि संकलनाचं ऑस्कर घेतलं. नायक ल्यूकचे सुरुवातीचे प्रसंग त्यांनी सरळ काढले. शेवटच्या हल्ल्यात शत्रूचा डेथ स्टार हा अवकाशतळ बंडखोरांच्या तळावर नेम धरतोय, क्षण भरत आलाय, हा जो जीव टांगणीला लागतो, तो बराचसा तिथं घडवलेला आहे. ध्वनिक्षेपकावरच्या घोषणा मागाहून घातल्या, आधीच्या प्रसंगातले शॉट पुन्हा वापरले. म्हणजे ज्या चित्रपटाच्या प्रेमापोटी निकोल्सनं कात्री उचलली, तोही कात्रीनंच तगवलेला. ‘फँटम मेनेस’च्या वेळी लुकासपाशी पैसा होता, तंत्र होतं. दोन वेगवेगळ्या टेकमधले नट एका चौकटीत जोडण्याइतकं तंत्र होतं. समोर बसून ‘हे काढा’ म्हणणारं माणूस मात्र दिसत नाही.

जार जारबद्दल मी तितका निःशंक नाही. त्याच काळात दुसरीही एक आवृत्ती फिरत होती. तिच्यात त्याचं बोलणं परग्रहाच्या अगम्य भाषेत बदललं होतं आणि खाली सबटायटलांत शहाणपणाची वाक्यं घातली होती. हालचाली त्याच, धडपडणं तेच. पण खालची ओळ वाचल्यावर तो चक्रम साधू वाटतो. कल्पना झकास आहे. निकोल्सच्या कापण्यापेक्षा मला ती जास्त आवडली, कारण तिच्यात त्या पात्राला हाकलून दिलेलं नाही. जार जार साकारणारा अहमद बेस्ट तेव्हा पंचविशीत होता. चित्रपट लागल्यावर त्याच्यावर जी झोड उठली तिच्यापायी आपण जीव द्यायला निघालो होतो, हे त्यानं २०१८ मध्ये जाहीर सांगितलं. २०२३ मध्ये ‘द मँडलोरियन’ मालिकेत तो जेडाय होऊन आला आणि एका पोराचा जीव वाचवून गेला. कुणाला तरी ती फेड करावीशी वाटली असणार.

कापलेल्याचं पुढं काय करायचं, या बाबतीत माझा आदर्श पुण्यातच आहे. भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. संपादक सुकथनकर आणि त्यांच्या मागून आलेल्या पंडितांनी हस्तलिखितं ताडून पाहिली आणि मागाहून घुसलेलं ते प्रक्षिप्त म्हणून बाजूला काढलं. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदी कृष्णाचा धावा करते, ती सर्वांना पाठ असलेली जागासुद्धा मुख्य पाठात राहिली नाही. पण ती फेकली नाही. खाली टीपांत आहे, परिशिष्टात आहे, ज्याला हवं त्यानं वाचावं. लुकासनं नेमकं उलट केलं. १९९७ मध्ये त्यानं जुन्या तिन्ही चित्रपटांत नवे प्राणी, नवे स्फोट घुसवले आणि मग वर्षानुवर्षं जुनी आवृत्ती बाजारात धड मिळेना. हाच गृहस्थ १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर जुन्या चित्रपटांत फेरफार करण्याविरुद्ध साक्ष देऊन आला होता! शेवटी पेत्र हार्माचेक नावाच्या एका झेक चाहत्यानं ठिकठिकाणच्या प्रतींतून तुकडे गोळा करून १९७७ चा पाठ पुन्हा जुळवला. ते काम पाहताना मला सुकथनकरांची आठवण होते, आणि त्यात मला काही अतिशयोक्ती वाटत नाही.

पण कात्री कितीही चांगली असली तरी जे चित्रित केलेलंच नाही ते ती आणणार कुठून? ‘फँटम मेनेस’मध्ये एकाच माणसाला मनापासून काहीतरी हवं आहे. अनाकिनला आपली आई हवी आहे. दोघंही गुलाम. शर्यतीवर पैज लागते तेव्हा मालक म्हणतो, एकालाच सोडीन, फासा टाकू. निळा पडला तर पोरगा, लाल पडला तर आई. फासा पडत असताना क्वाय-गॉन हळूच बोट हलवतो आणि निळा पडतो. कपटाचा फासा म्हटल्यावर मराठी प्रेक्षकाचे कान टवकारणारच. निघताना पोरगा वचन देतो, की मी परत येऊन तुला सोडवीन. चित्रपटातला हा सगळ्यात खरा प्रसंग; आईचं, शमीचं, काम करणाऱ्या पर्निला ऑगस्टनं तो फारसं काही न करता तोलला आहे. आणि त्यानंतर? लढाई जिंकतात, राणीला राज्य परत मिळतं, मिरवणूक निघते. शमीला सोडवायला कुणी जात नाही. कुणी तिचं नाव काढत नाही. पुढच्या भागात दहा वर्षं उलटलेली असतात आणि मुलगा पोचतो तो तिचा प्राण जाण्याच्या वेळी. टॉफर ग्रेस या नटानं तिन्ही पूर्वभागांचा मिळून ८५ मिनिटांचा चित्रपट केला, आणि त्यात या पहिल्या भागातलं द्वंद्व सोडून फारसं काही ठेवलं नाही. मला त्याचा हिशेब कळतो. पण मग आईही जाते.

माझ्या आवृत्तीत म्हणून मी एक आगाऊपणा केला आहे. शेवटच्या मिरवणुकीत मुलांचा समूह जे आनंदाचं गाणं गातो, त्याची चाल म्हणजे विल्यम्सनं पुढच्या भागांतल्या दुष्ट सम्राटाचीच काळी धून उजळ करून वापरली आहे. अख्खं शहर नकळत आपल्या भावी हुकूमशहाची धून गात नाचतंय. इतकी पोचलेली चाल चित्रपटात दुसरी नाही. तिच्या मधोमध, पोरगा पद्मेकडे बघून हसतो त्या शॉटनंतर, मी दारात उभ्या शमीचा चेहरा घातला. रंग जुळत नाही. वाळवंटातला उजेड वेगळा, मिरवणुकीच्या नाबू ग्रहाचा वेगळा, झटका बसतो. माझ्या एका संकलक मित्रानं पाहिलं आणि म्हणाला, हे कापणं नव्हे, तू भर घातलीस. लुकासवर चिडायचा तुला आता हक्क नाही. भांडारकरांच्या न्यायानं तो शॉट प्रक्षिप्त आहेच. तळटीपेत टाका म्हणाल तर टाकीन, पण माझ्या प्रतीत तो वरच राहणार.