चौकचं स्कॉटलंड

व्हिसा नको, विमान नको. पनवेलच्या पुढे थोडंसं गेलं की झालं!

ऑफिसातलं कुणीतरी स्कॉटलंडला जाऊन येतं आणि मग आठवडाभर लंच टाइमला त्याचे फोटो बघावे लागतात. हिरवे डोंगर, त्यावर उतरलेले ढग, धबधबे, खाली शांत तळं. गेल्या महिन्यात ही वेळ माझ्यावर आली. तिसऱ्याच फोटोला मी म्हटलं, "अरे, हे तर आपलं चौक!" सगळे हसले. पण मी चेष्टा करत नव्हते.

चौक म्हणजे जुन्या मुंबई-पुणे हायवेवरचं, खालापूर तालुक्यातलं गाव. लोणावळ्याला जाताना तुम्ही ते कितीतरी वेळा मागे टाकलं असेल, बहुतेक झोपेत. एकदा जुलैत इथे उतरा. एकीकडे माथेरानचा लांबलचक कडा, दुसरीकडे इर्शाळगडाचा सुळका, मध्ये मोरबे धरणाचं पाणी. स्कॉटलंडमध्ये तळ्याला 'लॉख' म्हणतात आणि दरीला 'ग्लेन'. 'मोरबे लॉख' असं लिहून फोटो टाकलात तर निम्मी मित्रमंडळी फसतील!

नातं दगडाचं

हे साम्य नुसतं वरवरचं नाही. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, थरावर थर साचून झालेला. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचे काळे कडेही लाव्हाचेच, साधारण सहा कोटी वर्षांपूर्वीचे. एडिनबरा शहराच्या मधोमध 'आर्थर्स सीट' नावाचा डोंगर आहे. तो तर विझलेला ज्वालामुखी. आपल्या महाबळेश्वरलाही आर्थर सीट आहेच. नावामागचे आर्थर मात्र वेगळे.

साहेब आले चौकहून

माथेरानची गोष्टही चौकमधूनच सुरू होते. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकहून डोंगर चढला, वन ट्री हिलच्या बाजूने वर गेला आणि रामबागेच्या बाजूने उतरला. मॅलेट इंग्रज. पण माथेरानला खरी 'फॅशन' मिळवून दिली ती मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनने, आणि एल्फिन्स्टन हे अस्सल स्कॉटिश घराणं. १८५५ मध्ये त्याने इथे बंगल्यासाठी जागा निवडली. त्याच्याच नावाचं स्टेशन २०१८ पर्यंत आपण रोज ऐकत होतो. आता ते प्रभादेवी. कॉलेज मात्र त्याच्या काकांच्या, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या नावाचं. विल्सन कॉलेजवाले जॉन विल्सनही स्कॉटिश, महाबळेश्वरात पेठ वसवणारा माल्कमही स्कॉटिश. ही मंडळी आपल्या डोंगरांच्या प्रेमात पडली, यात नवल काय?

मॅलेटने माथेरान 'शोधलं' असं आपण शाळेत पाठ केलं. पण धनगर, ठाकर आणि कातकरी त्याआधीपासून या डोंगरात राहत होतेच. त्यांना कुणी विचारलं नाही, इतकंच.

प्लेड आणि घोंगडी

स्कॉटलंड म्हटलं की आपल्याला किल्ट आणि बॅगपाइप आठवतात. किल्टचा पूर्वज म्हणजे 'प्लेड', अंगाभोवती गुंडाळायचं लांब लोकरी कापड. थंडीत पांघरूण, पावसात रेनकोट. आपल्या धनगराची घोंगडी दुसरं काय करते? त्यांचा राष्ट्रीय पदार्थ हॅगिस. मेंढीचं काळीज, यकृत, फुप्फुस आणि ओटचं भरड पीठ. नाक मुरडू नका, वजडी आवडीने खाणारे आपल्यातही आहेत. आणि ३१ डिसेंबरला रात्री बारा वाजता जगभर गायलं जाणारं 'ऑल्ड लँग साइन' हे रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीचंच देणं.

रिकामी दरी

मित्राच्या फोटोंमधली एक गोष्ट मात्र मला खटकत राहिली. एवढ्या देखण्या दऱ्यांत घरं का नाहीत? उत्तर इतिहासात आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जवळपास शंभर वर्षं जमीनदारांनी हायलँड्समधल्या कुळांना हुसकावलं. माणसांपेक्षा मेंढ्यांत पैसा जास्त होता. हजारो लोक कॅनडाला, इतर देशांत गेले. आज आपण ज्याला 'अनटच्ड ब्यूटी' म्हणतो, ती कित्येक ठिकाणी मोडलेली गावं आहेत.

हे वाचलं आणि मला इर्शाळवाडी आठवली.

कॉलेजात असताना, २०१९ च्या पावसाळ्यात, आम्ही इर्शाळगडावर गेलो होतो. पायथ्याच्या ठाकरवाडीत एका घरी चहा घेतला. आजींनी विचारलं, "डोंगर बघाया एवढ्या लांबनं आलीस पोरी?" मी हो म्हटलं. त्यांना ते फारच मजेशीर वाटलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री तोच डोंगर वाडीवर कोसळला. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. त्या आजी वाचल्या का, मला माहीत नाही. मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं. फोटो मात्र चाळीस काढले होते, सगळे डोंगराचे.

इथे मात्र माणसांना मेंढ्यांसाठी कुणी हुसकावलं नव्हतं, डोंगरच सुटून आला. पण आपली चूक तीच, दरी बघायची आणि दरीतलं घर बघायचं नाही.

स्कॉटलंडने २००३ मध्ये कायदा करून जवळजवळ सगळ्या मोकळ्या जमिनीवर पायी फिरायचा हक्क सगळ्यांना दिला. अट एकच, जबाबदारीने फिरा, तिथे राहणाऱ्यांना त्रास देऊ नका. आपण ही अट कायद्याशिवायही पाळू शकतो. चौकला जरूर जा. फक्त या वेळी चहा देणाऱ्याचं नाव विचारा.

जाल कसे? पनवेलहून खोपोलीकडे जाणारी एसटी पकडा. पनवेल-कर्जत रेल्वेमार्गावर चौक स्टेशनही आहे, पण गाड्या मोजक्या, वेळ आधी बघा. पावसाळ्यात गड-धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात, ते आधी तपासा आणि पाळा. माथेरानच्या चौक पॉइंटवरून हाच मुलूख उलट बाजूने दिसतो. तिथे गाडी नेता येत नाही. तेवढंच बरं!