भुसावळ जंक्शनवरची सही

भुसावळला गाडी थांबली, की डब्यातली झोप मोडते. मुंबईहून आलेली लाईन इथे फुटते. एक वाट नागपूरकडे जाते, दुसरी खंडव्यावरून इटारसीकडे. या रेल्वेने आपल्या कितीतरी घरांची चूल पेटती ठेवली. त्यामुळे भुसावळात उतरताना आम्हाला परगावी आल्यासारखे कधी वाटत नाही.

या खेपेस आम्ही गेलो ते भाचीसाठी. ती रोज सकाळच्या गाडीने जळगावला कॉलेजला जाते. जनसंवादाचे तिचे शेवटचे वर्ष. या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे एक लघुपट करून द्यायचा असतो. विषय आपणच शोधायचा, चित्रण आपणच करायचे, जोडणीही आपणच. बहिणीने फोनवर सांगितले, "दादा, पोरगी जेवत नाही. महिना राहिलाय आणि म्हणते, मला विषयच नाही."

घरी गेल्यावर भाची म्हणाली, "मामा, मी अजिंठ्याचा विषय घेतला होता. पण तो आधीच पुष्कळांनी केलाय. आपल्याकडे दाखवण्यासारखं आहे तरी काय?"

तिच्या या प्रश्नाने आम्हाला वाईट वाटले. दाराशी खाटेवर तिचे आजोबा बसले होते. वय चौऱ्याऐंशी. वाफेच्या इंजिनांच्या काळात ते शेडमध्ये कोळसा भरणारे खलाशी होते.

आम्ही तिला करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांची गोष्ट सांगितली. 'फँड्री' (२०१३) आणि 'सैराट' (२०१६) सर्वांना ठाऊक आहेत. पण त्याआधी त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला, तो त्या वेळच्या अहमदनगरला न्यू आर्ट्स महाविद्यालयात जनसंवाद शिकत असताना, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून. शाळेची ओढ असलेल्या, पण गरिबीने शाळेबाहेर राहिलेल्या मुलाची ती कथा. तिला ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचा मान मिळाला. मंजुळे विषय शोधायला लांब गेले नाहीत. पाहिलेले जगणेच त्यांनी पडद्यावर आणले.

आणखी एक गोष्ट आमच्या खानदेशातलीच. १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीच्या कामासाठी धुळ्याला आले होते. परतताना चाळीसगावला त्यांना महारवाड्यात न्यायचे होते, पण अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला आणि हाकायला बसला आपल्यातलाच एक नवशिका. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते लिखाण पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले. एवढा मोठा विद्वान. पण स्वतःच्या अंगावर बेतलेले सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मग आम्हालाच आमच्या घरातले सांगण्याची लाज का वाटावी?

दुसऱ्या दिवशी भाचीने मोबाईल खाटेसमोर उभा केला. आजोबा म्हणाले, "त्यात काय सांगायचं पोरी? कोळसा भरला, पगार घेतला." दोन दिवस असेच गेले. रेल्वेच्या हद्दीत चित्रण करायला परवानगी लागते, म्हणून तिने शेड बाहेरच्या रस्त्यावरूनच टिपले. तिसऱ्या रात्री आजोबा आपणहून बोलू लागले. कामावर लागले तेव्हा ते अंगठा लावायचे. ड्यूटी संपल्यावर एक सोबती त्यांना दिव्याच्या खांबाखाली बसवून अक्षरे गिरवायला लावी. पाटी नव्हती, म्हणून जमिनीवर कोळशाने. पुढच्या पगाराला त्यांनी पहिल्यांदा सही केली. "त्या दिवशी पगार तेवढाच होता," ते म्हणाले, "पण मी तो मोजला नाही. सहीच बघत बसलो."

बहिणीने पदर डोळ्यांना लावला. बापाची ही गोष्ट तिनेही कधी ऐकली नव्हती.

लघुपटात जो बोलतो, त्याची लेखी संमती लागते. भाचीने कागद पुढे केला आणि हात थरथरतात म्हणून सोबत शाईचा पॅडही ठेवला. आजोबांनी पॅड बाजूला सारला, पेन मागितला. एकेक अक्षर काढत त्यांनी सही केली. पुरते मिनिट लागले. जोडणी करताना भाचीने त्या मिनिटातला एक क्षणही कापला नाही.

कॉलेजात देण्याआधी तिने तो लघुपट वस्तीतल्या बुद्धविहारात पांढऱ्या चादरीवर दाखवला. वंदनेनंतर सगळे तिथेच बसून राहिले होते. लघुपट संपल्यावर एक म्हातारी बाई आजोबांना म्हणाली, "भाऊ, माझंही सांगायचं राहिलंय."

आईबापांनो, मुलगा किंवा मुलगी असा प्रकल्प घेऊन बसली, तर "याने नोकरी लागेल का?" हा प्रश्न चार दिवस बाजूला ठेवा. घरातल्या म्हाताऱ्यांना तिच्यासमोर बसवा आणि ती विचारील ते सांगा. आणि मुलांनो, हाती घेतलेले पुरे करा. सांगणारी माणसे कायमची राहत नाहीत.

परतीच्या गाडीत चाळीसगाव आले, तेव्हा आम्ही खिडकीशी उभे राहून स्टेशन मागे पडेपर्यंत पाहत होतो.

जय भीम!