परीस आणि मोटर

मराठीच्या अध्यापनात आम्हां उभयतांची वीस वर्षे गेली. रूपक कोठे जमते आणि कोठे फसते, हे विद्यार्थ्यांना सांगण्यात त्यांतला बराच काळ गेल्यामुळे या बाबतीत आपल्याला कोणी काही शिकवील असे वाटत नव्हते. गेल्या दिवाळीत तो समज गेला.

अकरावी-बारावीला आमच्याकडे मराठी शिकलेली आणि पुढे रसायनशास्त्राकडे वळलेली एक विद्यार्थिनी घरी आली. विजेच्या साहाय्याने कर्बवायूचे इंधन करणाऱ्या उत्प्रेरकांवर ती संशोधन करते. "सर, मॅडम, मी काय करते ते अण्णांना सांगायला एक वाक्य द्या," ती म्हणाली. अण्णा म्हणजे तिचे वडील, कोरडवाहू भागातले शेतकरी.

आधी तिने आम्हांला समजावले. कर्बवायूचा रेणू मोठा निगरगट्ट. इलेक्ट्रॉन दिल्यावाचून तो बदलत नाही, आणि पाण्यात तेच इलेक्ट्रॉन पळवून हायड्रोजन तयार होऊ पाहतो. सोन्याचांदीच्या विद्युदग्रावर क्रिया बहुतांशी कार्बन मोनॉक्साइडपाशी थांबते; कथिलावर फॉर्मेट मिळते. तांबे मात्र त्या मोनॉक्साइडला फार घट्ट धरत नाही आणि लगेच सोडतही नाही. म्हणून पुढे मिथेन, इथिलीन, अल्कोहोल बनतात. जपानच्या चिबा विद्यापीठातील योशिओ होरी यांनी १९८० च्या दशकात तांब्याचा हा गुण दाखवून दिला. दोषही त्यातच आहे. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तांब्यावर तयार होणारे १६ पदार्थ नोंदवले. हवा तो एकच पदार्थ मिळावा, वीज कमी वाया जावी आणि पृष्ठभाग दीर्घकाळ टिकावा, यासाठी सारी खटपट.

आम्ही उत्साहाने वाक्य दिले : "तांबे हा धुराचे इंधन करणारा परीस आहे."

आठवड्याने तिचा फोन आला. अण्णांनी वाक्य ऐकून एवढेच विचारले होते, "परीस फुकट सोनं देतो. हे फुकट होतं का?" होत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग ही मोटर झाली. चांगली मोटर वीज कमी खाईल, पण विहिरीची खोली थोडीच कमी होते? आणि ती वीज कुठली?"

आम्ही निरुत्तर झालो. इंधन जळताना जेवढी ऊर्जा देते, निदान तेवढी ते घडवताना मोजावीच लागते. उत्प्रेरक वरची नासाडी टाळतो, मूळ देणे फेडत नाही. ती वीज कोळसा जाळून आणली, तर जितका कर्बवायू वापरला त्याहून अधिक हवेत जाणार. रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेची वाट पाहत विहिरीवर जागणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवावे लागले नाही.

आमच्या परिसाने त्या मुलीचे श्रम आणि त्यांची किंमत, दोन्ही झाकून टाकली होती. रूपक शिकवताना आता आम्ही साम्याच्या आधी एक प्रश्न विचारतो : यात काय फुकट दाखवले आहे?