सव्वादोनचा हात

दिवाळीपासून निदान दहा-बारा जणांनी विचारलं, "ताई, तुमच्या लायसनचं काय झालं?" गाव लहान आहे. मी नागपूरला बंदुकीच्या दुकानात गेले होते ही बातमी माझ्याआधी गावात पोचली. कोणी म्हणालं घेतली, कोणी म्हणालं पर्समध्येच असते, एकाने तर पानठेल्यावर "परदेशी आहे" असंही सांगून टाकलं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. लांब होईल, वेळ असेल तरच वाचा.

आधी कारण. पावसाळ्यात नदीतून रेती काढायला बंदी असते, तरी रात्री ट्रॅक्टर चालूच होते. मी त्यावर तीन बातम्या केल्या. दोन फोटोंसकट. तिसरी छापून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी मुलगी ट्यूशनहून येत होती. मोटरसायकलवर दोघं होते. त्यांनी शिवी दिली नाही, हात लावला नाही. फक्त विचारलं, "तुझी मम्मी रात्री किती वाजता येते गं घरी?" नववीतली पोरगी. तिने घरी येऊन पाणी प्यायलं आणि मग सांगितलं.

तक्रार द्यायला गेले तर तिथल्या साहेबांनी विचारलं, "धमकी कोणती दिली?" शब्दशः पाहिलं तर धमकी नव्हतीच. अदखलपात्र नोंद झाली, कागद मिळाला. ठाण्याचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका ठाण्याचा नाही.

आमच्या गल्लीत एक निवृत्त हवालदारकाका आहेत. नोकरीची बरीच वर्षं गडचिरोलीत गेली त्यांची. त्यांच्याकडे स्वतःचं परवान्याचं रिव्हॉल्वर आहे, त्याचं काही काम होतं म्हणून ते नागपूरला निघाले होते. म्हणाले, "चल बाई, तू पन पाहून घे. पाहाले काय लागते." मी गेले. उत्सुकता होती हे कबूल. भीती तर होतीच.

दुकानदाराने माझ्याकडे बघून पहिलाच प्रश्न केला, "मॅडमसाठी? मग निर्भीक दाखवतो." निर्भीक म्हणजे कानपूरच्या फिल्ड गन फॅक्टरीने जानेवारी २०१४ मध्ये काढलेलं .३२ चं रिव्हॉल्वर. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर, खास बायकांसाठी म्हणून. तेव्हा किंमत होती १ लाख २२ हजार ३६० रुपये. वजन साधारण अर्धा किलो. दागिन्यांच्या डबीसारख्या लाल पेटीत यायचं. त्या वेळी मी यावर छोटा लेख लिहिला होता आणि त्यात टिंगलच केली होती की ज्या बाईला रात्री बसस्टँडवर भीती वाटते तिच्याकडे सव्वा लाख असतात का? तेच आता माझ्या हातात ठेवत होते.

काका म्हणाले, "थांबा, आधी माझं पाहू दे तिले." त्यांचं कानपूरचंच जुनं, मधून मोडून काडतुसं भरायचं, जाडजूड. दुकानदाराने रिकामं आहे हे उघडून दाखवलं, मग मला दिलं. आजवर माझ्या हाताचं माप फक्त कासाराने घेतलं आहे. सव्वादोनची बांगडी मला साबण न लावता जाते. त्या हातात ते रिव्हॉल्वर म्हणजे पाट्याचा वरवंटा.

मग काकांनी शिकवलं. अंगठा आणि तर्जनीमधली जी खोबण असते ती मुठीच्या मागे, वर, नळीच्या जेवढी जवळ बसेल तेवढी बसवायची. हात कोपरापासून सरळ, नळी त्याच रेषेत. मग बोट घोड्यावर कुठे पोचतं ते बघायचं. बोटाचं पहिलं पेर, त्याची गादी, घोड्यावर टेकली पाहिजे. माझं फक्त नखापाशी पोचत होतं. पोचवायला गेले तर अख्खी मूठ फिरत होती आणि नळी डावीकडे बघत होती. "अशी मारली तर शेजाऱ्याले लागन," काका म्हणाले. शिवाय हातोडी न ओढता नुसता घोडा दाबायचा तर इतका जोर लागतो की रिव्हॉल्वरच थरथरतं. आधी अंगठ्याने हातोडी मागे घ्यायची, मग हलकं दाबलं तरी चालतं, पण माझा अंगठा हातोडीपर्यंत जायला मूठ सोडावी लागत होती.

मग अशनी नावाचं पिस्तूल. हेही सरकारी कारखान्याचं, .३२ च. मूठ चपटी, हातात छान मावली. पण वरची स्लाइड मागे ओढता येईना. दोनदा ओढली, तिसऱ्यांदा दुकानातला पोरगा हसला. मी खाली ठेवलं.

निर्भीक हलकं होतं. मला वाटलं, हेच. काका म्हणाले, "हलकं म्हणजे चांगलं नाही बाई. काडतूस तेच आहे. जेवढं हलकं तेवढा झटका हाताले जास्त." हे मला कुठल्याही जाहिरातीत वाचायला मिळालं नव्हतं. बायकांसाठी म्हणून वजन कमी केलं, आणि झटका बायकांच्याच मनगटाला ठेवला.

शेवटी एक दाखवलं. प्रबल. कानपूरचंच, ऑगस्ट २०२३ मध्ये आलेलं. आता त्या कारखान्याची कंपनी झाली आहे, ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळ्या आयुध निर्माण्यांच्या सात कंपन्या केल्या त्यातली एक. (आपली भद्रावतीची निर्माणी दुसऱ्या कंपनीत गेली, तिथल्या कामगारांनी तेव्हा काय काय सोसलं त्यावर वेगळं लिहायचं आहे.) प्रबल मधून मोडावं लागत नाही, चक्र बाजूला उघडतं. वजन पाऊण किलोच्या आतबाहेर. मी ते घेतलं, खोबण बसवली, बोट टेकवलं. पहिलं पेर, बरोब्बर. करंगळीसुद्धा खाली लोंबली नाही, मुठीवर बसली.

काका काही बोलले नाहीत. दुकानदार म्हणाला, "बसली."

आणि मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते पण खरं तेच लिहायचं असेल तर लिहिलं पाहिजे. त्या दोघांनी पोरीला विचारलेल्या प्रश्नानंतर पहिल्यांदा माझा खांदा सैल झाला. कुलूप बसावं तसा तो आवाज नसलेला खटका. नंतर परत येताना बसमध्ये मी उजव्या हाताची मूठ दोन-तीनदा उघडझाप करून पाहिली.

तो ऑक्टोबरचा महिना होता. त्याच महिन्यात, १५ तारखेला, गडचिरोलीत भूपतीने ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली होती. १९८२ साली चांद्यातून वेगळा झालेला जिल्हा, तेव्हापासून बंदुकीच्या सावलीत. तो आता बंदूक खाली ठेवत होता आणि मी उचलायला निघाले होते.

ज्यांनी गडचिरोलीत वार्तांकन केलं आहे त्यांना सांगायला नको. पत्रकाराचं तिथलं संरक्षण एकच होतं, रिकामे हात. डिप्लोमा करताना सरांनी मुलाखत कशी घ्यायची ते शिकवलं, झडती कशी द्यायची ते एटापल्लीच्या पुढच्या रस्त्याने शिकवलं. २००९ साल आठवा. फेब्रुवारीत मरकेगाव, १५ पोलीस. मे महिन्यात हत्तीगोटा, १६ पोलीस, त्यात ५ महिला. ऑक्टोबरात लाहेरी, १७. त्या काळात माझी बॅग दोन्ही बाजूंनी उपसली आहे. वही, पेन, ग्लुकोजची बिस्किटं, ओडोमास, बाईच्या बॅगेत असतं ते बाकीचं. एकदा एका पोराने, मिसरूड फुटलेलं, माझा टेपरेकॉर्डर पाच मिनिटं उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. त्या बॅगेत प्रबल असतं तर? मी पत्रकार राहिले नसते. एका बाजूची झाले असते, आणि कुठल्या बाजूची ते मला कोणी विचारलंही नसतं. हत्तीगोट्याला ज्या पाच जणी गेल्या त्यांच्या हातात शस्त्र होतं, चालवायचं शिक्षणही होतं.

आता कायद्याचं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतकऱ्याच्या पीकसंरक्षणाच्या भरमारला किंवा लांब नळीच्या साध्या बंदुकीला परवाना देण्याची वाट सोपी ठेवली आहे. रिव्हॉल्वरसाठी मात्र "सबळ कारण" लागतं, आणि ते सबळ आहे की नाही हे जिल्हाधिकारी ठरवणार, पोलिसांच्या अहवालावर. म्हणजे ज्या ठाण्याने माझी तक्रार अदखलपात्र ठरवली त्याच ठाण्याने माझ्या जिवाला धोका आहे असं लिहून द्यायचं. गंमत बघा.

समजा दिलं. परवाना आता पाच वर्षांचा असतो, २०१९ च्या दुरुस्तीआधी तीन होता. सोबत शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, घरात कुलूपबंद जागा. माझं घर दीड खोलीचं. गोदरेजच्या एका कपाटात पोरीचे दाखले, आईचे दागिने, एलआयसीचे कागद. किल्ली कुठे असते हे पोरीलाही माहीत आहे. आणि आचारसंहिता लागली की शस्त्र ठाण्यात जमा करा. नोव्हेंबरात नगरपरिषदांची लागलीच. आमच्यासारख्यांना सगळ्यात जास्त फोन निवडणुकीतच येतात, नेमकं तेव्हाच ते ठाण्याच्या कपाटात.

आणि ते कमरेला असलं तरी काय? जे. डे यांना ११ जून २०११ ला पवईत मोटरसायकलवरून आलेल्यांनी गोळ्या घातल्या, पाठीमागून. राजापूरचे शशिकांत वारिशे, फेब्रुवारी २०२३. त्यांना तर गाडीखाली चिरडलं. स्कूटरवर जाणाऱ्या माणसाने समोरून येणाऱ्या महिंद्रा गाडीवर .३२ चं काय करायचं? वारिशे माझ्यासारखेच तालुक्याचे पत्रकार होते. ती बातमी आली त्या रात्री आम्ही सगळे तालुका प्रतिनिधी एकमेकांना फोन करत होतो आणि कोणाकडेच बोलायला काही नव्हतं.

काकांशी या विषयावर बोलताना वाघाची गोष्ट निघाली. चंद्रपुरात कुठलीही गोष्ट शेवटी वाघावर येते. २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोब्याच्या कोलारा भागात व्याघ्रगणनेसाठी पायी फिरणाऱ्या महिला वनरक्षकाला वाघिणीने मारलं. सोबत वनमजूर होते. तेव्हा बरेच जण म्हणाले, वनरक्षकांना पिस्तूल द्या. मीही तसंच लिहिलं होतं. काका म्हणाले, "पिस्तुलानं वाघ नाही मरत, चिडते." गेल्या वर्षी १० मे ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी गेल्या. त्यांना पिस्तूल द्या असं कोणी म्हणालं नाही. त्यांच्या हाताचं माप कोणी काढत नाही.

अजून एक नाव मनातून जात नाही. दीपाली चव्हाण, मेळघाटात हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी. त्यांच्याकडे सरकारी रिव्हॉल्वर होतं. तस्करांना न घाबरणाऱ्या म्हणून त्यांची ओळख होती. वरिष्ठाच्या छळाबद्दल लिहून ठेवून २५ मार्च २०२१ ला त्यांनी स्वतःचा जीव घेतला. सरकारने दिलेलं शस्त्र त्यांच्या छळाविरुद्ध काहीच कामाचं नव्हतं. यावर मी जास्त लिहू शकत नाही. मला त्या वर्षी नीट झोप यायची नाही आणि माझ्या कपाटात तेव्हा काही नव्हतं, एवढंच म्हणते.

मग माझं काय झालं? आपल्या राज्यात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, २०१९ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. गुन्हा अजामीनपात्र, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. त्याची प्रिंट काढून मी परत गेले. या वेळी एकटी नाही. तालुक्यातले अकरा पत्रकार आले, त्यातल्या तिघांशी माझं बोलणं नाही आणि एकाने माझी बातमी चोरल्याचं मी चारचौघांत बोलले आहे. तोही आला. दीड तास सगळे बाकावर बसले, चहा पण बाहेरून मागवला. वरच्या अधिकाऱ्यांनी बोलावून माझा आणि पोरीचा जबाब घेतला. मोटरसायकलचा नंबर पोरीने अर्धा लक्षात ठेवला होता, तेवढा दिला. अजून कोणाला पकडलेलं नाही. पण ती मोटरसायकलही पुन्हा दिसलेली नाही.

काकांनी माझा परवान्याचा अर्ज भरायला मदत केली होती. तो फाइलमध्ये आहे, फोटो चिकटवलेला. दिला नाही. फाडलाही नाही. काका विचारत नाहीत, पण परवा जाता जाता म्हणाले, "मूठ बसली होती बाई तुझी." मी म्हटलं, हो काका, बसली होती.

पोरगी आता ट्यूशनला दोन मैत्रिणींसोबत जाते. त्यातल्या एकीचे वडील रेतीच्या ट्रकवर ड्रायव्हर आहेत.

बुधवारी रेतीघाटाच्या तक्रारींची सुनावणी आहे, साडेअकराला. घाटाजवळच्या दोन गावांतल्या बायका येणार आहेत, मीही जाणार आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी साडेदहाला बसस्टँडच्या मागच्या चहाच्या टपरीवर भेटा.